‘या वयात प्रेमाचे चित्रपट शोधणे बरे आहे का?’

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात : माझे वय 48 आहे. लग्नाला 24 वर्षे झाली. मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि गेल्या वर्षी सासूबाई वारल्या, तेव्हापासून घरात आम्ही दोघेच असतो. यजमान सज्जन आहेत, आमच्यात भांडण नाही. परंतु एकमेकांचा हात हातात घेतल्याला किती वर्षे झाली ते मला आठवत नाही. रात्री टीव्हीवर चित्रपट पाहताना नायक-नायिका जवळ आली की हे वर्तमानपत्राची घडी घालू लागतात, नाहीतर मागचे दार लावले का ते पाहायला उठतात. मध्यंतरी एका रात्री मी एकटीनेच मोबाइलवर एक प्रेमकथा पाहिली आणि खूप रडले. दुसऱ्या दिवशी मनाला लाज वाटत राहिली. प्रेम, ओढ, शरीराची इच्छा यांच्यावरचे, आम्हा दोघांना मिळून पाहता येतील असे चांगले चित्रपट सुचवाल का? ‘तसले’ नकोत. आणि या वयात हे शोधणे बरे आहे का?
— एक वाचक, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय बाकीच्या यादीचा तुम्हाला उपयोग होणार नाही. होय, बरे आहे. त्या रात्री तुम्ही रडलात ते काही अपराध घडला म्हणून नव्हे, तर बरीच वर्षे बंद राहिलेली एक खोली कुणीतरी उघडली म्हणून. ज्या भाषेत आपण दोघी हे लिहितो-वाचतो आहोत, तिची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात सातवाहन राजा हाल याच्या नावावर ‘गाथासप्तशती’ हा संग्रह आहे, आणि त्यातल्या कितीतरी गाथा गावातल्या, शेतातल्या, गोदावरीच्या काठावरच्या बायकांच्या तोंडच्या आहेत. त्या बायका आपली इच्छा, आपला रुसवा, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहताना होणारी तगमग अगदी मोकळेपणाने सांगतात. ज्ञानेश्वरांनी विराण्या रचल्या तेव्हा ईश्वराची ओढ सांगायला त्यांनाही विरहिणीचाच स्वर घ्यावासा वाटला. तेव्हा हा विषय आपल्याकडे कालपरवा बाहेरून आलेला नाही आणि वयाच्या अमुक वर्षी तो बंद करावा असेही कुणी सांगून ठेवलेले नाही.

मग लाज कुठून आली? तिचे एक मूळ मला आपल्या चित्रपटांतही दिसते. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ 1972 साली आला आणि आपल्या आधीच्या पिढीने तो पुनःपुन्हा पाहिला. ‘द ब्लू एंजल’ या 1930 सालच्या जर्मन चित्रपटाची कथा शांतारामांनी मराठी मातीत आणली होती. त्यात डॉ. श्रीराम लागूंचे आदर्श गुरुजी तमासगीर चंद्रकलेच्या नादी लागतात आणि पायरी पायरीने खाली जात राहतात. चित्रपट म्हणून तो थोर आहे, संध्याबाई आणि लागू यांची कामे आजही पाहावीत अशी आहेत. पण त्यातून मनात राहून जाते ते एकच, की इच्छेला दार उघडले की माणसाचा ऱ्हास ठरलेला. आपल्या घरांतून हीच शिकवण चांगल्या घराण्याची रीत म्हणून पाळली गेली, आणि तुमच्या यजमानांच्या हातातल्या त्या वर्तमानपत्राच्या घडीतही मला तीच दिसते. म्हणून ‘पिंजरा’ आज माझ्या यादीत नाही.

‘तसले’ आणि ‘चांगले’ यांतला फरक ओळखायला मी स्वतः एक साधी खूण वापरते. ज्या चित्रपटाला दोन शरीरे एकत्र आणण्याची घाई असते, तो आपल्याला काहीच देत नाही, मग त्यात अंगभर कपडे असोत वा नसोत. ज्याला घाई नसते, जो दोन माणसांमधल्या अंतराकडे, त्या अंतरात पडलेल्या एखाद्या वस्तूकडे, वासाकडे, न बोललेल्या वाक्याकडे पाहत थांबतो, तो आपल्यातली ओढ जागी करतो. पुढचे चित्रपट मी याच खुणेने निवडले आहेत.

पहिला ‘चारुलता’. सत्यजित राय यांनी 1964 साली रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या कथेवरून तो केला. काळ एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्याचा, घर श्रीमंत, आणि त्या घरात दुपार कशी घालवावी हे न कळणारी चारू. तिचा नवरा भूपती वाईट माणूस नाही, हे मला तुमच्यासाठी मुद्दाम सांगावेसे वाटते. तो इंग्रजी वृत्तपत्र काढतो, देशाच्या राजकारणाचा विचार करतो, बायकोशी प्रेमाने बोलतो; फक्त त्याला ती दिसत नाही. सुरुवातीची काही मिनिटे चारू जवळजवळ एक शब्दही न बोलता घरात फिरते. हातात धरायची एक छोटी दुर्बीण घेऊन ती या खिडकीतून त्या खिडकीत जाते आणि रस्त्यावरची माणसे पाहते. तेवढ्यात भूपती पुस्तकात डोके खुपसून व्हरांड्यातून येतो, तिच्या अगदी जवळून पुढे जातो, आणि ती तिथे आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. मग चारू ती दुर्बीण उचलते आणि दोन हातांवरून निघून जाणाऱ्या स्वतःच्या नवऱ्याची पाठ दुर्बिणीतून पाहते. मी हे दृश्य पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आले होते. लग्नाला बारा-पंधरा वर्षे झाल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा हसू आले नाही. पुढे घरात धाकटा दीर अमल येतो, कविता आणि गाणी येतात, बागेतला तो झोका येतो, आणि चारूच्या मनात काय हलते आहे ते आपल्याला तिच्याही आधी कळते. कुणी कुणाला स्पर्शही करीत नाही म्हटले तरी चालेल, तरी हा इच्छेवरचा चित्रपट आहे. शेवट सांगत नाही; दोन हात आणि त्यांच्यामधली जागा एवढेच लक्षात ठेवून पाहा. बंगाली भाषेची भीती बाळगू नका, कारण मराठी माणसाला निम्मे शब्द ओळखीचे वाटतात आणि उरलेल्यांसाठी सबटायटल्स असतात.

दुसरा मराठीच घ्या : सचिन कुंडलकर यांचा 2009 सालचा ‘गंध’. त्यात तीन वेगवेगळ्या कथा आहेत आणि तिन्ही वासाच्या धाग्याने बांधलेल्या आहेत. पहिल्या कथेत अमृता सुभाषने महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी करणारी, लग्नाचे वय पुढे चाललेली मुलगी उभी केली आहे. घरात कांदेपोहे आणि नकार यांचे रहाटगाडगे चालू असते आणि इकडे कार्यालयात येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या अंगाचा सुगंध तिला अस्वस्थ करून सोडतो. तो वास कशाचा याचा माग काढत ती निघते, आणि एका साध्या, मध्यमवर्गीय, नाकासमोर चालणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर शरीराची जाग इतक्या शालीनपणे येते की कुणाची मान खाली जाऊ नये. मधल्या कथेतली जोडी मिलिंद सोमण आणि सोनाली कुलकर्णी यांची आहे. तिथे आजारपण आहे, दुरावा आहे, आणि एकेकाळी एकमेकांचे असलेले दोन देह एका घरात पुन्हा कसे वावरतात ते आहे. तिसऱ्या कथेत नीना कुळकर्णी कोकणातल्या पावसात, घरातच पण बाजूला बसलेल्या आहेत. ही तिसरी कथा पाहताना कदाचित तुम्ही दोघेही गप्प व्हाल. चार दिवसांचे ते बसणे आपल्या पिढीतल्या बहुतेकींनी अनुभवले आहे, पण आपल्या शेजारी बसलेल्या पुरुषाने ते कधी आपल्या बाजूने पाहिलेले नसते.

वासाचा विषय निघाला म्हणून रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’चेही नाव घालते. 2013 सालच्या या चित्रपटात मुंबईच्या डबेवाल्यांकडून एक डबा चुकून दुसऱ्याच माणसाकडे जातो आणि इला व साजन फर्नांडिस यांच्यात चिठ्ठ्यांची ये-जा सुरू होते. धुवायला काढलेला नवऱ्याचा शर्ट इला नाकाशी धरते तो क्षण चुकवू नका. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू कधीच दिसत नाहीत, त्यांचा फक्त आवाज येतो, आणि तो भारती आचरेकरांचा आहे. यजमानांना हा नक्की आवडेल, कारण त्यात घडी घालायला उठावे असे एकही दृश्य नाही.

आता ‘जैत रे जैत’. जब्बार पटेल यांनी 1977 साली गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून केलेला हा चित्रपट तुम्ही पाहिला असेल, निदान त्यातली ना. धों. महानोरांची आणि हृदयनाथ मंगेशकरांची गाणी तुमच्या कानावर असतीलच. तरीही पुन्हा पाहा असे आग्रहाने सांगते. ठाकरवाडीतला ढोल वाजवणारा नाग्या म्हणजे मोहन आगाशे, आणि नवऱ्याला सोडून आलेली चिंधी म्हणजे स्मिता पाटील. मला वाटते, ‘मला हा पुरुष हवा आहे’ हे इतक्या निर्मळपणे म्हणणारी बाई मराठी पडद्यावर तिच्याआधी क्वचितच आली असेल. ती नाग्याकडे पाहते तेव्हा डोळे खाली वळवत नाही. हा चित्रपट मी घरी, टीव्हीवर, आईच्या शेजारी बसून पाहिला. आई मेथी निवडत होती. ‘मी रात टाकली’ सुरू झाले, चिंधी नाचू लागली, आणि आईचा हात थांबला. गाणे संपेपर्यंत मेथीची एक काडी तिच्या दोन बोटांत तशीच होती. गाणे संपल्यावर ती एवढेच म्हणाली, “किती मोकळी आहे ही.” माझी आई नऊवारीतली, सोवळे पाळणारी बाई होती आणि या विषयावर आम्ही त्याआधी वा त्यानंतर कधी एक शब्द बोललो नाही. पण त्या चार शब्दांमुळे तिच्याकडे पाहण्याची माझी नजर कायमची बदलली. कथेचा शेवट करुण आहे, तेवढी मनाची तयारी असू द्या.

परदेशी चित्रपटांतला एकच सुचवते आणि तो म्हणजे वाँग कार-वाय यांचा ‘इन द मूड फॉर लव्ह’. तो 2000 साली आला, त्यातले हाँगकाँग मात्र 1962 सालचे आहे : अरुंद जिने, एका घरात दोन-तीन बिऱ्हाडे, शेजाऱ्यांचे सतत लक्ष. आपल्या चाळींची आठवण व्हावी असेच ते जग आहे. एकाच दिवशी दोन जोडपी शेजारी-शेजारी भाड्याने राहायला येतात. यथावकाश एकीचा नवरा आणि दुसऱ्याची बायको यांचे संबंध असल्याचे उरलेल्या दोघांच्या ध्यानात येते. ज्यांनी फसवले त्यांचे चेहरे दिग्दर्शक आपल्याला दाखवतच नाही. मागे राहिलेली ही दोन माणसे आपापल्या जोडीदारांची सुरुवात कशी झाली असेल, पहिल्यांदा कोण काय बोलले असेल, याची आपसांत नक्कल करून पाहतात आणि नक्कल करता करता स्वतःच गुंतत जातात. मॅगी चुंग उंच बंद गळ्याचे, अंगासरशी बेतलेले पोशाख घालून हातात नूडल्सचा डबा घेऊन तो जिना उतरते, टोनी लिआँग त्याच जिन्याने वर येतो, दोघे अंग चोरून एकमेकांना वाट देतात, मागे व्हायोलिन वाजत राहते. बस, एवढेच घडते, आणि ते पुनःपुन्हा घडते. काही प्रेक्षकांना हा चित्रपट संथ वाटतो. तुम्हाला तो तसा वाटणार नाही असे मला वाटते, कारण एकाच घरात एकमेकांना वाट देत वावरणे म्हणजे काय हे तुमच्या पत्रातल्या प्रत्येक ओळीत आहे.

याखेरीज दोन चित्रपट असे आहेत की जे तुम्ही जरूर पाहावेत, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नये. अमोल पालेकर यांच्या 2003 सालच्या ‘अनाहत’मध्ये प्राचीन श्रावस्तीच्या राणीला वंशासाठी, नियोगाच्या प्रथेनुसार, एका रात्रीपुरता परपुरुष निवडायला भाग पाडले जाते. ती रात्र संपवून परतते तेव्हा तिला आपल्या देहाचे जे काही कळलेले असते, ते राजाला आणि दरबाराला ऐकवत नाही. सुरेंद्र वर्मा यांच्या हिंदी नाटकावरचा हा चित्रपट संवादांच्या बळावर उभा आहे आणि ते संवाद धारदार आहेत. दुसरा महेश मांजरेकर यांचा ‘अस्तित्व’, 2000 सालचा, मराठीत आणि हिंदीत एकाच वेळी केलेला. तब्बूने साकारलेली अदिती नवऱ्याच्या दीर्घ गैरहजेरीत एकदा वाट सोडते, आणि पंचवीसेक वर्षांनी गाण्याच्या शिक्षकाच्या मृत्युपत्रामुळे ते उघडकीस येते. तिथून पुढे घर म्हणजे न्यायालय होते. अदिती जे प्रश्न विचारते ते रास्तच आहेत, मी तिच्या बाजूची आहे. परंतु जो पुरुष साध्या आलिंगनाच्या दृश्यालाही उठून जातो, त्याला पहिल्याच आठवड्यात शेजारी बसवून हा चित्रपट दाखवला तर त्याला तो आरोप वाटेल आणि तो आणखी मिटून बसेल. तुम्हाला आरोप करायचा नाही, हे तुमच्या पत्रावरून मला स्पष्ट दिसते.

एक नवा चित्रपट मात्र तुम्ही आधी एकटीने पाहावा असे सुचवते. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘सबर बोंडं’ला 2025 साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या, अशा दोन पुरुषांमधली ही प्रीती आहे. निवडुंगाचे ते लाल बोंड काटे काढूनच खावे लागते, हे आपल्याकडच्या कुणाला सांगायला नको. इतकी हळुवार शारीर जवळीक मी मराठी चित्रपटात फार कमी पाहिली आहे. त्यातल्या आईची समज पाहून तुमच्या मनावरचे काही ओझे उतरेल असा माझा विश्वास आहे.

आता पाहायचे कसे याविषयी. यजमानांना “तुम्ही हे बघायलाच हवे” असे म्हणू नका, “मला हा बघायचा आहे, बसता का?” असे म्हणा. चित्रपट चालू असताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू नका आणि संपल्यावर लगेच “कसा वाटला?” असे विचारू नका. ज्या माणसाला या विषयावर बोलायची सवय नाही, त्याला असा प्रश्न तोंडी परीक्षेसारखा वाटतो. ते मध्येच उठले तर उठू द्या, चित्रपट थांबवू नका, आवाजही कमी करू नका. तुम्ही बसून राहिलात हे त्यांना दाराजवळूनही दिसेल. आणि एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषाचे अंग चोरणे पुष्कळदा लाजेपेक्षा भीतीपोटी असते. मधुमेह, रक्तदाब, त्यांवरची काही औषधे यांचा शरीराच्या इच्छेवर आणि क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, आणि ते बायकोला सांगण्यापेक्षा वर्तमानपत्राची घडी घालणे सोपे वाटते. पाळी जाण्याच्या काळात तुमच्याही शरीरात बदल होत असतील. तसे काही असेल तर चांगल्या डॉक्टरांशी बोला, त्यावर उपचार आहेत. चित्रपटाने त्या बोलण्याला तोंड फुटावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. डॉक्टरांचे काम चित्रपट करणार नाही.

राहिला प्रश्न पहिल्या दिवशी काय लावावे याचा. त्यासाठी मी एक जुना चित्रपट राखून ठेवला आहे : राजा ठाकूर यांचा 1970 सालचा ‘मुंबईचा जावई’. बासू चॅटर्जींनी पुढे त्यावरूनच हिंदीत ‘पिया का घर’ केला. नवी नवरी मुंबईच्या चाळीत येते, घर माणसांनी भरलेले, आणि नवरा-बायकोला एकमेकांशी दोन शब्द बोलायलाही कोपरा मिळत नाही. यजमान तो निर्धास्तपणे पाहतील, कदाचित लहानपणी त्यांनी पाहिलेलाही असेल. पण हसत-खेळत चालणारा तो चित्रपट शेवटी एकमेकांची ओढ लागलेल्या आणि जागा न मिळणाऱ्या दोन तरुण देहांचाच आहे, हे आज पाहताना लक्षात येते. तुम्हा दोघांचीही सुरुवातीची वर्षे सासूबाई आणि लहान मुलगी यांच्या सोबतीने गेली असणार. कुणाला जाग येईल या धाकाने हळू आवाजात बोलण्याच्या रात्री त्यांनाही आठवतील. आता घरात जागाच जागा आहे. शनिवारी रात्रीची जेवणे लवकर आटोपा, मागचे दार आधीच लावून घ्या म्हणजे त्यांना उठायला निमित्त उरणार नाही, वर्तमानपत्र आतल्या खोलीत ठेवा, आणि गदिमांचे ‘का रे दुरावा’ आशाबाईंच्या आवाजात सुरू झाले की तुम्हीही सोबत गुणगुणा. हे गाणे तुम्हाला येत असणार.